ड्रिलची बॅटरी चार्ज होत नसेल तर
बॅटरी चार्ज होत नाही म्हणून ती लगेच मोडीत काढू नका. सलग कामाने तापलेला लिथियम-आयन पॅक (म्हणजे ड्रिलची बॅटरी) चार्जर मुद्दाम नाकारतो, म्हणून तो आधी अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या आणि खाचेतील धातूच्या पट्ट्या कोरड्या ब्रशने झाडा. माझ्या पॅकमध्ये तिथे सिमेंटची पांढरी पूड घट्ट बसली होती आणि ती निघताच चार्जिंग सुरू झाले. एवढ्याने भागले नाही, तर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे यंत्र) लावा. 18 व्होल्टच्या पॅकमध्ये एकापुढे एक जोडलेले पाच सेल (आतल्या छोट्या बॅटऱ्या) पूर्ण चार्ज झाल्यावर सुमारे 21 व्होल्ट दाखवतात; आकडा 10 च्या खाली असेल, तर सेल धोकादायक पातळीपर्यंत रिकामे झाले आहेत. दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून त्यांना जागे करण्याचा प्रयत्न कृपया करू नका, कारण अशा सेलमध्ये आतून शॉर्ट होऊन आग लागू शकते.