नागपुरात नाताळला जेवायला माणसं बोलावली आहेत. घरच्या स्वयंपाकाबरोबर वाइन चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून बदली होऊन नागपुरात आलात, २५ डिसेंबरच्या रात्री आठ-दहा जण जेवायला येणार. त्यांत दोघं ऑफिसातले ख्रिस्ती, दोन-तीन शाकाहारी, एक मित्र वर्ध्याचा. वाइन ठेवायची हौस आहे, पण हात बसलाय तो घरच्याच स्वयंपाकावर. मग पास्ता आणि चीज बाहेरून मागवावं लागेल का?

काही मागवू नका. डिसेंबरात नागपूरच्या बाजारात जे येतं, त्यातलं अर्ध्याहून जास्त वाइनबरोबर छान जातं. सांभाळायचं ते उष्णतेला. एक उष्णता मे महिन्याची, जी बाटलीत शिरते, आणि दुसरी मिरचीची, जी तुम्ही पातेल्यात घालता.

आधी पाहुण्यांबद्दल बोलतो, कारण तिथेच गडबड व्हायची शक्यता जास्त. मी नागपूरचाच, घर मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे नाताळ म्हणजे करंज्या, अनारसे, शंकरपाळे, चकल्या, आणि ते डब्यांत भरून आळीभर वाटणं. दिवाळीला शेजारच्या काकूंकडून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा त्यामागचा हिशेब. वाइन मात्र नव्हतीच. आमच्यासारखी कितीतरी प्रोटेस्टंट घरं दारूला शिवत नाहीत, चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीलासुद्धा वाइनऐवजी द्राक्षाचा रसच असतो. माझ्या फ्रिजमधली बाटली आईला अजून खपत नाही. ती आली की दुधाच्या पिशव्या बाटलीपासून लांब सरकवते. कॅथलिक घरांत, त्यातही गोव्याच्या किंवा केरळच्या, वेगळी रीत दिसेल. म्हणून ‘ख्रिस्ती आहेत, म्हणजे वाइन घेणारच’ असं धरून चालू नका. आदल्या दिवशी फोन करून सरळ विचारा, कुणाला राग येत नाही. एकाच्या हातात वाइनचा ग्लास आणि दुसऱ्याच्या हातात स्टीलच्या पेल्यात पाणी, हे तेवढं टाळा. न पिणाऱ्यांसाठीही काहीतरी मन लावून केलेलं हवं, ते पुढे सांगतो.

आता बाटली. आपल्याकडे वाइन शॉप म्हणजे दारूचं दुकान. वाइन तिथे एका कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली, वर्षभर उभी असते. नागपूरचा मे तुम्ही अजून पाहिलेला नाही. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बंद शटरच्या आत असा एक उन्हाळा काढलेली बाटली शिजलेली असते. बूच जरा वर आलेलं, वरच्या आवरणाखाली चिकट डाग, व्हाइट वाइन असेल तर रंग चहाकडे झुकलेला, अशी बाटली सोडून द्या. फेकायला लागेल अशी नासत नाही, पण चव बसलेली, जॅमसारखी लागते, आणि पहिल्यांदा पिणाऱ्याला वाटतं की वाइन अशीच असते.

यावर साधा उपाय म्हणजे लेबलावरचं साल आणि बाटली भरल्याचा महिना बघणं. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात, पण आपल्या नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या कोरड्या थंडीत होते. म्हणजे यंदाच्या तोडणीची व्हाइट वाइन नाताळपर्यंत नऊ-दहा महिन्यांची झालेली असते, आणि शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लां या जाती तशा कोवळ्या असतानाच प्यायच्या. व्हाइट घ्यायची तर यंदाचं साल घ्या, फार तर मागचं. पावसाळ्यानंतर दुकानात आलेली मिळाली तर उत्तम, आणि हे दुकानदाराला विचारायला लाजू नका. रेडमध्ये दोन-तीन वर्षं जुनी चालते, पण ती एसी असलेल्या, माल लवकर खपणाऱ्या दुकानातूनच घ्या. सुला, यॉर्क या वाइन कंपन्या नाशिकच्या, फ्रातेल्ली अकलूजकडची. यांतली साधी शिराझ ही रेड आणि साधी शेनिन ही व्हाइट आणली तरी तुमची रात्र निभावेल. महागाच्या मागे लागू नका. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत दीडशे मिलिलिटरचे पाच ग्लास होतात, म्हणजे पिणारे सहा धरले तर तीन बाटल्या पुरे. चौथी पाहुणेच आणतील, आणि ती कशी निघेल ते त्यांचं त्यांना माहीत.

एरवी आपल्या गावाला वाइनचं वावडं असलं तरी डिसेंबरात हवा आपल्या बाजूने असते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असं म्हणतात, तेव्हा डोक्यात युरोपातली जुनी थंड घरं असतात, सोळा ते अठरा अंशांची. आपली खोली वर्षातून जेमतेम दोन महिने त्याच्या जवळपास जाते. नाताळाच्या सुमारास रात्री पारा दहा-बाराला येतो. २९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ पर्यंत उतरला होता, लोकांनी गाड्यांची सीटं पुसायला स्वेटरच्या बाह्या वापरल्या. म्हणून बाटल्या संध्याकाळी गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवा. व्हाइट तासाभर फ्रिजमध्ये ठेवली तर बरं, रेडला बाल्कनी पुरते. अधिवेशनासाठी मुंबईहून आलेली मंडळी इथली थंडी बघून कुडकुडत असतात, ती तुमच्या कामी येतेय.

स्वयंपाकाचं म्हणाल तर सावजी करू नका. मला माहीत आहे, नागपूरला आल्यावर पाहुण्यांपुढे सावजी मटण ठेवण्याचा मोह होतोच, आणि ते मला कुणाहूनही कमी प्रिय नाही. हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतला तो रस्सा, जवसाच्या तेलाची तर्री, दगडफूल, खसखस, खोबरं, घाम पुसत खाण्याची मजा, सगळं कबूल. पण वाइनचं आणि त्याचं जमत नाही. तोंडात तिखट ज्या चेतातंतूंना जाणवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं, त्यामुळे घोटाबरोबर आग आणखी भडकते. रेडमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरट अंश, लाळेतली प्रथिनं बांधून जीभ कोरडी करतं, त्यात भर. शेवटी पाहुणा ना रश्श्याची चव घेतो, ना वाइनची. सावजीबरोबर ताक प्या, नाहीतर नुसतं पाणी, आणि ते नाताळाच्या आदल्या रविवारी बाहेर जाऊन खा.

त्याऐवजी मटण घरच्या वाटणाचं करा. किलोभर मटणाला कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट भाजून, त्यात धने, खसखस, मिरी, लवंग, थोडी दालचिनी घालून वाटण करा. लाल तिखट नेहमीच्या निम्मं, तेही रंगापुरतं, झणका मिऱ्याचा येऊ द्या. टोमॅटो आणि दही दोन्ही वगळा. मटण परतून तेल सुटलं की एक ग्लास रेड वाइन ओता, आंबटपणा तिच्यातूनच येतो. मग झाकण ठेवून पातेल्यात मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्या. कुकरमध्ये होतं, पण रस्सा तसा जमून येत नाही. हे मटण आणि शिराझ यांचं गोत्र जुळतं, चरबी आणि मीठ टॅनिनची धार बोथट करतात. एक लक्षात ठेवा. शिजवल्यावर दारू सगळी उडून जाते, हे खरं नाही. अर्धा तास शिजवलं तर साधारण पस्तीस टक्के उरते, दोन तासांनी दहा टक्क्यांच्या आसपास. तेव्हा जे अजिबात घेत नाहीत त्यांना आधी सांगा, किंवा त्यांच्यापुरतं मटण वाइन घालायच्या आधीच वेगळ्या पातेल्यात काढा. गुपचूप खाऊ घालणं बरं नाही.

शाकाहाऱ्यांचं ताट मात्र मला मटणापेक्षा जास्त आवडतं, आणि डिसेंबर हा त्यांचा महिना आहे. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे एव्हाना भाजीवाल्याने तुम्हाला शिकवलं असेल. या दिवसांत तिच्या हिरव्यागार जुड्या स्वस्त असतात, म्हणून सांबारवडी करा. आत कोथिंबीर, खसखस, सुकं खोबरं, तीळ, वरून पातळ पारी, आणि कढईतून थेट ताटात. तळलेल्याला आंबट घोट हवा असतो, आणि शेनिन ब्लांक तो देते. थोडी गोडसर शेनिन असेल तर हिरव्या मिरचीचा ठसकाही पेलते. ओल्या तुरीच्या शेंगाही आल्या असतील. त्यांचे सोले, म्हणजे दाणे, सोलायला तासभर जातो, पाहुण्यांतल्या लवकर येणाऱ्यांना बसवा कामाला. सोले-वांग्याची भाजी, जरा सैल, लसूण सढळ हाताने. हिच्याबरोबर सोव्हिन्यों ब्लां, कारण त्या वाइनलाही हिरवा, गवताळ वास असतो. वांग्याचं भरीत गॅसवर न भाजता शक्य असेल तर निखाऱ्यावर भाजा. त्या धुरकट चवीला पुन्हा शिराझच. ज्वारीची भाकरी सगळ्यांबरोबर जाते. डाळीचे गोळे घातलेला गोळाभातही करता येईल, पण वरून द्यायच्या लसणाच्या कडकडीत फोडणीत मिरचीऐवजी हिंग-जिरं घाला.

गोडाबद्दल एकच सांगतो. संत्रा बर्फी समोर ठेवली की वाइन आवरा. गोड पदार्थापेक्षा वाइन कमी गोड असली की ती नुसती आंबट लागते. प्लम केकबरोबरही तेच. लेट हार्वेस्ट नावाची गोड वाइन मिळते, ती आणली तर जमेल, नाहीतर केकबरोबर कॉफी.

न पिणाऱ्यांचं आणि पिणाऱ्यांचं एकत्र जमतं ते गरम पेयात. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात उतरणारी, संत्री आत्ता ढिगाने आहेत. आपल्या संत्र्याची साल सैल असते, हाताने निघते, तिच्या आतलं पांढरं तेवढं चमच्याने खरवडून टाका, ते कडू असतं. एका पातेल्यात स्वस्तातली रेड वाइन, दुसऱ्यात तितकाच द्राक्षाचा रस. दोन्हींत एकेका संत्र्याची साल, दोन संत्र्यांचा रस, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, एक चक्रीफूल. साखर फक्त वाइनमध्ये, तीन-चार चमचे, कारण द्राक्षाच्या रसात ती असतेच. वीस मिनिटं अगदी मंद आचेवर ठेवा, वाफ दिसली पाहिजे पण बुडबुडा यायला नको. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, म्हणून उकळी आली की ते जातं आणि लवंगेचा कडवटपणा राहतो. ही दोन पातेली दाराशी ठेवली की कुणी काय घेतलं हे कुणी विचारत नाही. माझी आई द्राक्षाच्या रसाच्या पातेल्यापाशी ठाण मांडते आणि लवंगा कमी पडल्या म्हणते.

कुणी तुम्हाला घरीच वाइन करायचा सल्ला दिला असेल तर तो सोडून द्या. बरणीत काळी द्राक्षं, साखर, यीस्ट घालून करतात खरं, पण आपल्याकडे परवान्याशिवाय ती बनवता येत नाही, आणि एवढ्या कमी दिवसांत ती निवळणारही नाही. उरलेली उघडी बाटली मात्र बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकते, त्यानंतर मटणाच्या पातेल्यात. परत जाणाऱ्यांसाठी टॅक्सी आधीच ठरवा, रात्री उशिरा धुकं पडलं की वर्धा रोडवर समोरचं दिसत नाही.

आणि त्या वर्ध्याच्या मित्राला निघताना भेट म्हणून बाटली देऊ नका. गांधीजींच्या सेवाग्राममुळे त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, वाटेत गाडी तपासली तर बिचारा तुमच्या प्रेमापायी अडकेल. त्याला संत्र्यांची पेटी द्या, आणि तळायच्या राहिलेल्या दोन-चार सांबारवड्या.