पाहुणे दारात, काकू हळदीला, मालक स्लाऊमध्ये

प्रश्न : ताई नमस्कार. मी गेली 9 वर्षं इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. दापोली तालुक्यात कर्द्याजवळ आमचं वडिलांचं कौलारू घर आहे, 3 खोल्या, पडवी, विहीर, 12 माड. बाबा गेल्यावर घर बंद होतं म्हणून मागच्या दिवाळीत रंगरंगोटी करून, एक एसी बसवून ते एअरबीएनबीवर टाकलं, रात्रीला 4500 रुपये. शेजारच्या काकू चावी देतात आणि साफसफाई बघतात, त्यांना महिन्याला 4000 देतो. पहिले दोन महिने मस्त गेले. मग डिसेंबरात एका शनिवारी रात्री 9 वाजता पुण्याचे 8 जण दारात आले, काकू पुतणीच्या हळदीला गेलेल्या, त्यांचा फोन लागेना, पंप चालू होईना, आणि मी इथे दुपारी साडेतीनला ऑफिसच्या मीटिंगमध्ये. शेवटी सगळे पैसे परत केले, वर एक स्टार मिळाला तो वेगळाच. आता स्मार्ट लॉक आणि कॅमेरे लावून सगळं इथूनच कंट्रोल करावं असं डोक्यात आहे. घरावर माझं आणि पुण्याच्या ताईचं नाव आहे. लायसन्स, टॅक्स यातलं काही अजून केलेलं नाही. कुठून सुरू करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून हसू आलं, राग मानू नका, कारण हाच शनिवार माझ्याकडेही येऊन गेलाय. मी 6 वर्षं मस्कतमध्ये बसून सासूबाईंचं गुहागरचं घर असंच चालवलं, आणि मस्कत तर फक्त दीड तास मागे, तुमचं हिवाळ्यात साडेपाच तास मागे म्हणजे गावात दिवे लागणीची वेळ ती तुमची ऐन कामाची वेळ, आणि कोकणातला पाहुणा बरोबर दिवे लागल्यावरच पोचतो कारण घाटात कुठेतरी मिसळ खायला थांबलेला असतो.

तर पहिलं, स्मार्ट लॉकचं. लावा हवं तर, पण त्याने तुमच्या त्या शनिवारचं काय झालं असतं? दार उघडलं असतं. पंप तसाच. वीज गेली की वायफाय जातं, पावसात रेंज जाते, लॉकची बॅटरी खाऱ्या हवेने लवकर मरते, म्हणजे साधी चावी काकूंकडे लागतेच. कॅमेरा घराच्या आत अजिबात नाही, एअरबीएनबीने 30 एप्रिल 2024 पासून आतल्या कॅमेऱ्यांवर सरसकट बंदी घातलीये, बाहेर गेटवर एक चालेल पण तो जाहिरातीत लिहायला लागतो. मी गेटवर लावला होता. सहा वर्षांत त्यात मुख्यतः गायी बघितल्या.

मला तुमच्या पत्रात खटकलं ते 4000 रुपये. रक्कम कमी म्हणून नाही, ती ठरलेली आहे म्हणून. बुकिंग 2 आली काय आणि 12 आली काय, काकूंना तेवढेच, म्हणजे प्रत्येक नवा पाहुणा हा त्यांच्यासाठी नुसता त्रास, 8 जणांच्या चादरी धुवायच्या आणि वर तुमच्या फोनला उत्तरं द्यायची! मी पहिली दोन वर्षं हीच चूक केली. मग असं केलं की महिन्याला थोडे बांधलेले, कारण पाहुणे नसले तरी घर उघडून झाडायचं, दिवा लावायचा हे असतंच, आणि त्यावर प्रत्येक बुकिंगच्या भाड्यातले 20 टक्के, पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी लगेच खात्यात. जेवण पूर्ण त्यांचं. घावणे, मासे, उकडीचे मोदक, जे काय देतील त्याचे पैसे पाहुण्यांनी थेट त्यांना द्यायचे, आपण त्यात एक रुपया बघायचा नाही. फरक असा पडला की गुहागरचं घर बघणाऱ्या आमच्या वहिनीच मला फोन करून विचारायला लागल्या की या शनिवारी कोणी नाही का. हर्णैच्या लिलावातून मासे आणणारं कोणीतरी काकूंच्या घरात असेलच, तर तुमचं घर चालेल ते त्यांच्या हाताच्या चवीवर, एसीवर नाही.

आणि काकू एकट्या नकोत. दुसरं माणूस ठरवा, त्यांचाच मुलगा किंवा वाडीतला कोणी, आणि त्यांनी आपसात ठरवायचं कोण कधी. शिवाय एका कागदावर वायरमन, प्लंबर, गॅसवाला आणि माड उतरवणारा यांचे नंबर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. हो, माड उतरवणारा, कारण पाहुण्याच्या गाडीच्या काचेवर नारळ पडला तर तो खर्च कोणी द्यायचा यावर मी मस्कतहून दीड तास भांडलेय. पंपाची मोटर फिरत असून पाणी चढत नसेल तर मला वाटतं फूटव्हॉल्व (विहिरीतल्या पाइपच्या टोकाची झडप) गेला असणार, विहिरीवरच्या पंपांचं निम्मं दुखणं तेच. वर टाकी मोठी बसवा, कमीत कमी 2000 लिटर, आणि पाहुणे यायच्या दिवशी दुपारीच ती भरून फोटो पाठवायचा असं ठेवा. टाकी भरल्याचा फोटो, गॅस पेटल्याचा फोटो, बस. कॅमेऱ्यापेक्षा हे बरं, आणि काकूंनाही आपल्यावर कोणी पाळत ठेवतंय असं वाटत नाही.

8 जण 3 खोल्यांत घेतले ते मात्र तुमचं चुकलं. संडासची टाकी घरच्या 4-5 माणसांच्या हिशोबाने बांधलेली असते, सलग तीन वीकेंड 8-10 माणसं आली की ती बोलायला लागते. 6 वर थांबा.

कॅलेंडर उघडं ठेवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं उलट करतात. गणपतीत आणि शिमग्यात घर बंद. त्या दिवसांत गावात भाव चांगला मिळतो हे मला माहितीये, पण त्याच दिवसांत काकूंच्या घरी मुंबईहून पंधरा माणसं आलेली असतात, पालखी दारात यायची असते, आणि तुमच्या ताईलाही माहेर म्हणून तेच दिवस हवे असणार. मेमधला एक आठवडा कौलं शाकारायला ठेवा, शाकारणारे तेव्हाच मिळतात, जूनमध्ये हातापाया पडून मिळत नाहीत. जुलै-ऑगस्ट मी तरी बंदच ठेवायचे, गाद्यांना बुरशी येते आणि चादरी तीन तीन दिवस वाळत नाहीत (तरी द्यायचंच असेल तर प्रत्येक बेडला तीन सेट लागतील). एसीचं बाहेरचं युनिट समुद्राच्या वाऱ्याने गंजतं, ते दरवर्षी धुऊन घ्यायला लावा. आणि विमा काढलेला नसेल तर काढा, 3 जून 2020 ला निसर्ग वादळात तुमच्या भागातली कौलं आणि माड कसे गेले ते तुम्हाला सांगायला नको. एजंटला आधीच स्पष्ट सांगा की घर पाहुण्यांना भाड्याने देतो, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

आता कागदपत्रं. ताईची नुसती तोंडी हो नको, लेखी घ्या, पैशाची वाटणी आणि तिचे राहायचे दिवस यासकट. बहीणभाऊ भाड्यावरून भांडत नाहीत हो, मेमध्ये माझ्या मुलांना खोली का नाही यावरून भांडतात. सह्या करायला तिच्या नावे मुखत्यारपत्र करा, इंग्लंडमध्ये नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) करून पाठवायचं, आणि ते भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, ही तारीख लोक विसरतात. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत मालक कुटुंबासकट त्याच घरात राहायला हवा अशी अट आहे, त्यात तुम्ही बसत नाही. राज्याची निवास व न्याहारी योजना पर्यटन संचालनालयाकडे असते, तिथे जाऊन ताईने मालक परदेशात आहे हे न लपवता विचारावं, आणि ग्रामपंचायतीलाही कळवावं, गावाला चोरून गावात धंदा होत नाही. पाहुण्यांचं रजिस्टर आणि ओळखपत्राची कॉपी ठेवायचीच. परदेशी पासपोर्टवाला उतरला तर 24 तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात, तुमचे स्लाऊचे गोरे मित्र हौसेने आले तरीही.

टॅक्ससाठी दापोलीत किंवा पुण्यात सीए धरा, पण त्याच्याकडे जाताना एवढं माहीत असू द्या. भाडं एनआरओ खात्यात (परदेशस्थ भारतीयांचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्या, जुनं साधं सेव्हिंग खातं तसंच चालू असेल तर ते आधी बदला. घर भारतात म्हणून टॅक्स भारतात, पण तुम्ही तिथले रहिवासी म्हणून तिथल्या रिटर्नमध्येही दाखवायचं आणि इथे भरलेल्याची वजावट मागायची, फक्त आपलं वर्ष 31 मार्चला संपतं आणि त्यांचं 5 एप्रिलला, त्यामुळे हिशोब महिन्यावार लिहून ठेवा. जीएसटीची नोंदणी वर्षाला 20 लाखांच्या खाली सहसा लागत नाही, ॲपवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी ॲपच भरतं, आणि 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीला तो 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे, आधी 12 होता. उद्या एखादी कंपनी म्हणाली की पूर्ण घर आम्हाला चालवायला द्या, महिन्याला ठराविक भाडं देतो, तर परदेशस्थ मालकाला देताना त्यांना 30 टक्के आणि सेस धरून 31.2 टक्के टीडीएस कापावा लागतो, रक्कम कितीही लहान असो. रिटर्न भरून त्यातले परत मिळतात, पण तोवर हात अडकतात.

आणि त्या एक स्टारखाली भांडण लिहू नका. पंप बंद होता, चूक आमची, आता दुसरं माणूस नेमलंय, एवढंच लिहा. हे दुसरं माणूस मात्र खरंच नेमून झाल्यावर.

प्रश्न : मी दोह्याला असते. पुण्यात बाणेरला माझा फ्लॅट आहे, तो रोजच्या भाड्याने दिला तर जास्त सुटतील असं मैत्रीण म्हणते, पण सोसायटी नाही म्हणतेय. काय करू?

उत्तर : सोसायटीचं ऐका. रोज नवी माणसं लिफ्टमध्ये दिसली की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे तुमच्या विरोधात, आणि तुम्ही दोह्याहून कोणाकोणाला समजावणार. 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करा. महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे, ऑनलाइन होते, पोलिसांना भाडेकरूची माहितीही द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क लावेल ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावू शकत नाही, जास्त लावलं तर तेव्हा जरूर भांडा. आणि भाडेकरूला सुरुवातीलाच सांगून ठेवा की मालकीण परदेशात आहे, टीडीएस कापायची जबाबदारी त्याच्यावर येते, बऱ्याच भाडेकरूंना हे माहीतच नसतं.