'न्यूरोएन्डोक्राइन डिफरन्शिएशन'ला मराठीत काय म्हणावे?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून विचारणा आली आहे. प्रोस्टेटच्या बायोप्सी रिपोर्टात 'ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) विथ न्यूरोएन्डोक्राइन डिफरन्शिएशन' असे लिहिले होते आणि घरच्यांनी त्याचा अर्थ 'कॅन्सर नसांत गेला' असा लावला. तो बरोबर का, आणि नेमका मराठी शब्द कोणता?

अर्थ चुकला. नसेच्या कडेने पसरणाऱ्या कॅन्सरची नोंद 'पेरिन्यूरल इन्व्हेजन' अशी वेगळी होते, आणि ती नेहमीच्या प्रोस्टेट कॅन्सरातही बऱ्याचदा आढळते. इथल्या 'न्यूरो'वरून पेशी कशासारखी झाली एवढेच कळते.

पुस्तकी प्रतिशब्द 'चेता-अंतःस्रावी विभेदन'. त्यातला पहिला भाग चोख आहे ('चेता' म्हणजे मज्जातंतूंचे, 'अंतःस्रावी' म्हणजे संप्रेरके सोडणारे). निरोगी प्रोस्टेटमध्येही अशा पेशी तुरळक असतात: चेतापेशीसारखी संदेशद्रव्ये बारीक कणांत साठवायची आणि ग्रंथीसारखी बाहेर सोडायची. त्या पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरच्या रक्ततपासणीत मोजतात ते प्रथिन) बनवत नाहीत आणि पुरुषी संप्रेरकावर अवलंबूनही नसतात.

घोडे अडते ते 'विभेदन'पाशी. ऐकणाऱ्याला त्यात भेद, फाटाफूट ऐकू येते. शिवाय त्याच रिपोर्टात 'पुअर्ली डिफरन्शिएटेड' असेल तर तिथे पेशी ग्रंथीच्या मूळ रूपापासून किती लांब गेली याचे माप आहे. आपल्या प्रश्नात ती कुठल्या रूपाकडे झुकली ते आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला की गोंधळ ठरलेला. या दुसऱ्या अर्थाला मी 'वळण' सुचवेन. पोरगा मामाच्या वळणावर गेला म्हटले, तर तो मामाकडे राहायला गेला असे कुणी समजत नाही. (जळगावला 'जयगाव' म्हणणाऱ्या अहिराणी तोंडी ते 'वयन' होईल, पण कळेल.)

वळण लागते कसे? बहुतेकदा उपचारांच्या दाबाखाली. अबिराटेरोन किंवा एन्झालुटामाइड या औषधाने पुरुषी संप्रेरकाचा मार्ग तोडला की त्यावर जगणाऱ्या पेशी मागे पडतात. ज्यांच्यात आरबी१ आणि टीपी५३ ही दोन्ही जनुके निकामी झालेली असतात, त्यांना ग्रंथीचे रूप सोडणे सोपे जाते. एरवी 'रेस्ट' नावाचे प्रथिन चेतापेशींची जनुके गप्प ठेवते (हा 'रेस्ट' म्हणजे विश्रांती नव्हे, लांबलचक नावाची आद्याक्षरे आहेत). एसआरआरएम४ हे प्रथिन रेस्टच्या आरएनएची (जनुकाच्या कामचलाऊ नकलेची) जुळणी बदलते, रेस्ट अर्धवट बनते आणि ती जनुके बोलू लागतात. एमवायसीएन आणि ईझेडएच२ या जनुकांचा जोर वाढणे हेही नेहमीचे. हा नवा, वेगळा कॅन्सर उगवला असेही नाही: मूळ गाठीत टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी या जनुकांचा सांधा असेल तर वळलेल्या पेशींतही तोच सापडतो. कूळ एकच, म्हणूनही 'वळण' बसतो.

पीएसएचे जनुक संप्रेरकाच्या ग्राहकप्रथिनावर चालते. तो मार्ग बंद पडला की गाठ यकृतात वाढत असतानाही पीएसए कमीच राहू शकतो. 'पीएसए नॉर्मल, म्हणजे बरे चालले आहे' हा समज इथे घात करतो. अशा वेळी डॉक्टर पुन्हा बायोप्सी सांगतात ती याचसाठी. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६, आयएनएसएम१ ही रिपोर्टातली नावे पेशी रंगवून हे वळण ओळखणाऱ्या चाचण्यांची.

मात्र 'वळण' सरसकट वापरू नये. उपचार न झालेल्या साध्या ॲडिनोकार्सिनोमात मोजक्या पेशी रंगल्या, तर तेवढ्यावरून सहसा उपचार बदलत नाहीत. 'स्मॉल सेल कार्सिनोमा' लिहिले असेल तर ते आजाराचेच नाव आहे. त्याला 'लघुपेशी कर्करोग' म्हणावे. त्याला ग्लीसन गुण (प्रोस्टेट कॅन्सर किती आक्रमक दिसतो याचे सूक्ष्मदर्शकाखालचे माप) देत नाहीत आणि औषधेही वेगळी, सहसा कार्बोप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिनसोबत इटोपोसाइड.

चोपड्याच्या रिपोर्टातली ओळ मी घरच्यांसाठी अशी लिहीन: 'प्रोस्टेटच्या ग्रंथीपेशींचा कर्करोग, काही पेशींना चेता-अंतःस्रावी वळण.' आणि डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: अशा पेशी किती आहेत, आणि आधी संप्रेरक-उपचार झाले होते का.