वाचकांचे प्रश्न : डूममधली घरगुती पट्टी

प्रश्न : जुन्या गाडीच्या हेडलाइट डूममध्ये (बल्ब, रिफ्लेक्टर आणि पुढची काच असलेल्या खोक्यात) बल्बभोवती फायबरची काळी पट्टी घरीच साच्यातून काढून बसवली. महिन्याभरात काच आतून धुरकट झाली. पाणी शिरलं असेल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : पाणी असतं तर थेंब दिसले असते आणि दिवा तापल्यावर कमी झाले असते. पुसल्यावर बोटाला चिकट लागत असेल तर तो रेझिनचा, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाचा, वाफारा. पट्टी अर्धवट पिकली, म्हणजे पूर्ण घट्ट झाली नाही, की पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन हे उडणारं रसायन उष्णतेने सुटतं आणि थंड काचेवर बसतं. ताज्या रंगातला थिनरही हेच करतो.

डूम पुन्हा उघडा. काच चिकटवणारा सीलंट ब्युटाइलचा (तापवल्यावर मऊ होणाऱ्या रबराचा) असेल तर हीटगनने कडेकडेने मऊ करून काच हळू सोडवा. घाईत काच अडकवणारे कान (बारीक खुंट्या) तुटतात. काच सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, थिनर नको, ही 'काच' पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असेल तर तडे जातात. रिफ्लेक्टरला हातही लावू नका.

नवी पट्टी करताना १०० ग्रॅम रेझिनला दीड-दोन मिली हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन). मिरजेच्या एप्रिलात एक मिलीही पुरतं. कोबाल्ट (घट्ट होणं वेगाने घडवणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. हे दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. रंगवून झाल्यावर पट्टी कडक उन्हात तीन-चार दिवस ठेवा, वास पूर्ण गेल्यावरच बसवा.

५५/६० वॅटच्या हॅलोजनजवळ पट्टी मऊ पडते, म्हणून भरपूर अंतर ठेवा, मागचं हवेचं भोक बुजवू नका. प्रकाशझोत अडत असेल तर मात्र पट्टी काढूनच टाका.