आधी सांग, मग सुई

अगं पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. अंतराची, म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची, पहिली सुई घेतलेल्या बायका दुसऱ्या डोसला फिरकत नाहीत, एक तर सासूला घेऊन भांडायला आली, आणि आता तुला वाटायला लागलंय की औषधातच खोट आहे. टोचायच्या आधी सांगितलं होतंस का त्यांना, की पाळी पुढेमागे होईल, मधेच डाग पडतील, नंतर कदाचित पाळी बंदच होईल आणि ते रक्त पोटात साठून वगैरे राहत नाही? ओपीडीला गर्दी होती हे मला सांगू नकोस. आधी सांग, मग सुई.

तुमच्याकडे आज किती चांगल्या गोष्टी आहेत गं. १९६० साली अमेरिकेत एनोविड या गर्भनिरोधक गोळीला मंजुरी मिळाली, तिच्यात इस्ट्रोजेन हार्मोन १५० मायक्रोग्रॅम, आपल्या माला-एन गोळीत ३०. हे आपोआप झालं का? १९५६ ला पोर्तो रिकोत चाचण्या चालू होत्या तेव्हाच बायका चक्कर, मळमळ, डोकेदुखी सांगत होत्या, तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी तसं कळवलंसुद्धा, पण वरच्यांनी ते मनाचे खेळ ठरवले. पुढे रक्ताच्या गुठळ्यांच्या केसेस आल्या, १९७० ला सिनेटच्या सुनावणीत बायकांनी उभं राहून जाब विचारला, तेव्हा कुठे गोळ्यांसोबत माहितीचा कागद द्यायचं ठरलं. आता दंडात बसवायची काडी आलीये, तीन वर्षं चालते, पण पाळी तिच्यानेही बिघडतेच. म्हणजे तिथेही आधी सांगायचंच!

मीटिंगमध्ये किती सुया दिल्या याचे माझे आकडे कायम कमी असायचे, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, प्रमोशन हुकलं, त्याची खंत आहेच. पण माझ्याकडे सुई घेतलेली बाई तीन महिन्यांनी कार्ड घेऊन आपणहून यायची, आणि एकेकीला अर्धा तास दिला तो मी आजही देईन.

डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचम होते का, हे विचारल्याशिवाय माला-एन हातात ठेवू नकोस. वर्षभरात मूल हवं असेल तर अंतरा नको, शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही आधीच सांग.

त्या भांडलेल्या बाईकडे उद्याच जा, आशाताईला घेऊन, आणि सासू नसताना तिच्याशी एकटीशी बोल. तारीख उलटली असली तरी चार आठवड्यांपर्यंत डोस देता येतो, घाबरवू नकोस. नकोच म्हणाली तर छाया गोळी आहे, बिनहार्मोनची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. काय म्हणाली ते मला रात्री फोन करून सांग.