सागाला पानं फुटली आणि लिंक ढासळली

प्रश्न: ग्रामपंचायतीच्या स्लॅबवरून सहा किलोमीटरवरच्या शाळेला इंटरनेट द्यायला आम्ही एप्रिलमध्ये दोन्हीकडे ५.८ गिगाहर्ट्झच्या डिश लावल्या. सिग्नल उणे ६२ होता (हा आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल कमजोर). मृग लागल्यापासून उणे ७८ वर अडकलाय, उघाडीतही तसाच. डिश फिरवून पाहिली, फरक नाही. शाळेपासून किलोमीटरभरावर सागाचा पट्टा आहे. पावसाने हे झालं का?
– एक वाचक, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, पावसावर आळ घेऊ नका. या फ्रिक्वेन्सीला एवढ्या अंतरात मुसळधार पावसानेही त्या आकड्यातले एक-दोन डेसिबलच जातात, आणि तुमचा सिग्नल तर उघाडीतही पडलेलाच आहे. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं नाही ना, एवढं आधी पाहा. माझा संशय सागावर आहे. एप्रिलमध्ये तो उघडाबोडका होता. आता ती सुपाएवढी ओली पानं लाटा पिऊन टाकतात.

‘पण शेंड्यांवरून पंचायतीची डिश दिसते ना!’ असं सगळेच म्हणतात. दिसणं पुरत नाही. लाट दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. चातीवरच्या भरल्या कुकडीसारखी मध्ये फुगलेली, टोकांना निमुळती असते. तुमच्या लिंकच्या मध्यावर या फ्रेनेल झोनची त्रिज्या जवळजवळ नऊ मीटर, सागाच्या पट्ट्यावर साडेसहा. त्या त्रिज्येचा साठ टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे दोन डिशमधली सरळ रेषा सर्वांत उंच शेंड्याच्या चार मीटर वरून जायला हवी.

म्हणून डिशचा पाइप शाळेकडचा वाढवा. तिथे तीन मीटर चढवलेत तर पट्ट्यावर रेषा अडीच मीटर उचलली जाते. तेवढाच पाइप पंचायतीकडे वाढवलात तर जेमतेम अर्धा मीटर. तारेचे ताण आणि अर्थिंग मात्र पक्कं करा, आपल्याकडे विजा फार पडतात. झाडं तोडायचा विचार नको. सागाला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते, आणि शाळेच्या इंटरनेटसाठी साग पाडणं मला पटतही नाही.

डिश फिरवलीत म्हणता, तिथे आणखी एक घोळ असू शकतो. मुख्य झोताच्या बाजूला छोटे झोत असतात. त्यावरही आकडा चढतो, उतरतो, आणि हाच शिखर वाटतो. प्रत्यक्षात सिग्नल पंधरा-वीस डेसिबल कमी असतो. एका वेळी एकच टोक हलवा. दुसऱ्या टोकाच्या माणसाला फोनवर ठेवा. बोटभर फिरवा, आकडा स्थिरावू द्या, शिखर ओलांडून दोन्हीकडे बरंच पुढे जाऊन परत या. आधी आडवं, मग उभं, मग नट आवळा. आवळताना आकडा बघत राहा, डिश तिथेच सरकते.

हे पोळ्याच्या आत उरका. पानं भरलेली असतानाच उंची पुरते की नाही ते कळतं.