जुना लॅपटॉप पोरांसाठी चालू करताय? आधी हे बघा

नवा घ्यायची अजिबात घाई करू नका. पहिलं काम म्हणजे बॅटरी बघा, फुगलेली असेल तर काढूनच टाका, पोरांच्या हातात तसली बॅटरी नकोच, बरेचसे जुने लॅपटॉप नुसत्या चार्जरवर पण चालतात. मग हार्डडिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा खूप वेगवान साठवणीची डिस्क) टाका, २४० जीबीची पण रग्गड झाली, खरा फरक तिथेच पडतो, रॅम ४ जीबी असली तरी भागतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपला, त्यामुळे मी तर सरळ लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकलं, त्यातलं एक्सएफसीई हे हलकं व्हर्जन, पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, वायफाय आणि आवाज चालतोय ना एवढं तपासा आणि मगच इन्स्टॉल करा. जुने फोटो मात्र हार्डडिस्क काढायच्या आधीच कॉपी करून घ्या हां, जुनीच डिस्क ठेवली तर इन्स्टॉल करताना ती पुसली जाते! पोरांसाठी जीकॉम्प्री (खेळातून शिकवणारं) आणि टक्स पेंट (चित्रं काढायचं) ही सॉफ्टवेअर टाका, दोन्ही फुकट आणि नेट नसलं तरी चालतात. आमची धाकटी टक्स पेंटमधले शिक्के मारत तासभर बसते, माऊस धरायला तिथेच शिकली. पोरांचं अकाउंट वेगळं करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यांना सांगू नका. कीबोर्डवर दूध सांडणारच, त्यामुळे साधा यूएसबी कीबोर्ड लावलेला बरा.